टॉम यम नूडल सूप कडू झालं, कुठे चुकलं?

मिरचीवेडी_ठाणे
मागच्या वर्षी बँकॉकला गाडीवर सीफूडवालं टॉम यम, म्हणजे थाई आंबट-तिखट, नूडल सूप खाल्लं, नाकाडोळ्यातून पाणी येत होतं पण वाडगा खाली ठेववत नव्हता. रविवारी घरी केलं. अर्धा किलो कोळंबी, पाव किलो माकुळ, गवती चहाची पात, आलं, मिरच्या, राइस नूडल्स सगळं एकत्र टाकलं, लिंबू पिळलं आणि वीस मिनिटं उकळवलं. रस्सा कडवट, माकुळ रबरासारखी, नूडल्सनी पाणी सगळं पिऊन टाकलं. तो वास नाही की ती लाल तर्री नाही. नारळाचं दूध राहिलं का घालायचं? पुढच्या रविवारी सासूबाई येतायत, त्यांना करून घालायचंय, प्लीज सांगा.

कोळीवाडा_किचन
ताई कोळंबीची डोकी फेकलीत ना? सगळी चव त्यातच असते हो. डोकी आणि सालं दोन चमचे तेलात परता, चमच्याने दाबत राहा, तेल केशरी होतं बघा, मग सव्वा लिटर पाणी घालून वीस मिनिटं उकळा आणि गाळा. तुमची वीस मिनिटं इथे वापरायची, माकुळीवर नाही. माकुळ एक-दीड मिनिट, कोळंबी गुलाबी होऊन वळली की झाली. तिसऱ्या मिळाल्या तर नक्की घाला, तोंड उघडलं की गॅस बंद.

सोई_मधला_मराठी
मी नऊ वर्षं बँकॉकमध्ये राहतोय. कडवटपणा लिंबाचा आहे, लिंबू उकळायचं नाही, गॅस बंद करून मग पिळायचं, चार माणसांना चार-पाच टेबलस्पून लागतो रस, घाबरू नका. गवती चहाची पात नाही, बुंध्याकडचा पांढरा जाड भाग घ्यायचा, तीन काड्या बत्त्याने ठेचून. आल्याच्या जागी गलांगल, म्हणजे आपलं कुलिंजन, ताज्याच्या पाच-सहा चकत्या. आल्याने वेगळंच काहीतरी होतं. काफिर लाइमची (एक सुगंधी थाई लिंबू) पानं मधली शीर काढून फाडून टाका. मीठ फिश सॉसचं, म्हणजे आंबवलेल्या माशांच्या खारट रसाचं, बाटलीचा वास उग्र येतो पण रश्श्यात गेला की कळत नाही.

लाल तर्री नाम प्रिक पाओची, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या थाई वाटणाची, ती घरी होते. सुक्या लाल मिरच्या, लसूण, छोटे कांदे भाजा, मूठभर सोडे घालून वाटा, तेलात परतून चिंचेचा कोळ आणि गूळ टाका. सोडे आपल्याकडे असतातच, त्यामुळे मला तर हे वाटण घरचंच वाटतं.

नारळाचं दूध टॉम खा सूपमध्ये असतं. टॉम यमचं पातळ असतं ते नाम साई, दाट असतं ते नाम खोन, त्यात इथे बहुतेक जण इव्हॅपोरेटेड मिल्क (डब्यातलं बिनसाखरेचं आटवलेलं दूध) घालतात. तुम्ही गाडीवर खाल्लं ते दाट होतं का? २०२४ मध्ये टॉम यम कुंगला, म्हणजे कोळंबीच्या टॉम यमला, युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली तेव्हा आमच्या ऑफिसात दुपारी सगळ्यांनी तेच मागवलं होतं!

मिरचीवेडी_ठाणे
हो दाटच होतं, नारिंगी! दादा खूप थँक्यू, आता कळलं. पण नूडल्स? आणि सासूबाईंना इतकं तिखट झेपत नाही.

सोई_मधला_मराठी
नूडल्स साध्या पाण्यात अर्धा तास भिजवा, दुसऱ्या पातेल्यात मिनिटभर उकळून थेट वाडग्यात, वरून रस्सा. रश्श्यात मिरच्या दोनच ठेचून टाका. इथे प्रत्येक टेबलावर चार बरण्या असतात, साखर, फिश सॉस, मिरचीची पूड आणि मिरच्या घातलेलं व्हिनेगर, ज्याने त्याने आपल्या वाडग्यात घ्यायचं. तुम्हीही तसंच मांडा, त्यांना चिमूटभर साखर घालून द्या.