मदत हवी आहे: अमेरिकेत सर्जरी सेंटरचं क्वालिटी रिपोर्टिंग कुणी करतं का?

नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत एका छोट्या सर्जरी सेंटरच्या ऑफिसात आहे, आमच्याकडे फक्त मोतीबिंदू आणि कोलोनोस्कोपी होतात. सीएमएस (मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः 65 वरच्यांचा सरकारी विमा, चालवणारी संस्था) ला जे क्वालिटी रिपोर्टिंग द्यावं लागतं ते ज्या बाई बघायच्या त्या जानेवारीत सोडून गेल्या आणि ते माझ्या गळ्यात पडलं. 2025 चा डेटा 15 मे पर्यंत भरायचाय, नाही भरला तर मेडिकेअरच्या वार्षिक दरवाढीतले 2 टक्के पॉइंट जातात, त्यामुळे मालक रोज येता जाता विचारतात. पेशंट सर्व्हेचं व्हेंडर करतोय आणि माझं लॉगिन दोन आठवडे डोकं खाऊन एकदाचं झालंय, तो विषय सोडा.

अडलंय ते एएससी-9 या क्वालिटीच्या निकषावर, म्हणजे नॉर्मल कोलोनोस्कोपीनंतर पुढची 10 वर्षांनी सांगितली का ते. मी मेडिकेअरची यादी काढली तर पेशंट फारच कमी निघाले, वयाची अट 45 ते 75 आहे मग असं कसं? दुसरं, आमचे एक डॉक्टर सगळं नॉर्मल असलं तरी सरसकट "रिपीट इन 5 इयर्स" लिहितात, कारण काही नाही. काल असे 7 रिपोर्ट टेबलावर मांडून बसले होते तर मालक म्हणाले ते बाजूला ठेव, चांगले चांगले घे. मला ते पटत नाहीये. आणि तिसरं म्हणजे एएससी-13, ते ऑपरेशननंतर पेशंटचं टेंपरेचर नॉर्मल आहे का बघायचं, आमच्याकडे जनरल अॅनेस्थेशिया देतच नाहीत तर तो फॉर्म रिकामा सोडायचा का?

प्रतिसाद 1
ताई, यादीच चुकलीय तुमची. एएससी-9 ला सगळे पेशंट धरायचे, नुसते मेडिकेअरचे नाहीत, 65 च्या आतले बहुतेक प्रायव्हेट इन्शुरन्सवाले असतात तेच गळले असणार. बायोप्सी केलेले किंवा पॉलिप (आतड्यातली छोटी गाठ) काढलेले वगळा. उरलेले 900 पर्यंत असतील तर 63 चार्टचं सँपल पुरतं, त्याच्या वर 96, पण रँडम हं, निवडून नाही.

5 वर्षंवाल्यांचं असं, प्रेप (आधी आतडं साफ करणं) खराब होती, आधी पॉलिप होते असं काही चार्टमध्ये लिहिलेलं असेल तर ती केस बाहेर. कारण नसेल तर केस आत राहते आणि फेल धरायची. मालकांना सांगा स्कोअर कमी आला म्हणून पैसे कापत नाहीत, रिपोर्ट न केल्याचे कापतात. आकडा मात्र वेबसाइटवर सगळ्यांना दिसतो.

एएससी-13 ला 60 मिनिटं किंवा जास्त जनरल किंवा स्पायनल-एपिड्युरल दिलेले पेशंटच धरतात, म्हणजे तुमचा 0. रिकामं सोडू नका, 0 टाकून सबमिट करा. आमच्याकडे पहिल्या वर्षी तेच राहिलं होतं.

धागाकर्ती
अहो खूप आभार!! आत्ताच सगळ्या इन्शुरन्सची यादी काढली, 412 निघाले. ते 7 आता यादीतच राहतील, सँपलमध्ये आले तर आले. मालकांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवते, डॉक्टरांशी कोण बोलणार ते त्यांनी बघावं.