७७५ नॅनोमीटरचा उंचवटा: एक्सिटॉनची वरची पट्टी की सुटलेलं रंगद्रव्य?

मिठागर_रायबंदर
रायबंदरच्या मिठागरातल्या चिखलातून वेगळा केलेला जांभळा जीवाणू, ३ टक्के मिठाच्या माध्यमात, ऑक्सिजनविना प्रकाशात वाढवलेला. २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेटमध्ये (पीएच ७.५) पटलं १ टक्का एलडीएओने (डिटर्जंट) विरघळवली आणि सुक्रोज ग्रेडियंटवर एलएच२चा (प्रकाश गोळा करणारं प्रथिन-रंगद्रव्य संकुल) पट्टा काढला. ताज्या नमुन्यात ८०० आणि ८५२ नॅनोमीटरची शोषणाची शिखरं स्वच्छ होती. आठवडाभर उणे २० अंशांवर ठेवून वितळवल्यावर ८००चं शिखर जवळजवळ एक तृतीयांशाने उतरलंय आणि ७७५ला उंचवटा आलाय. ८५२ जसंच्या तसं. बी८५० कड्याच्या (८५०जवळ शोषणाऱ्या रंगद्रव्य-रेणूंचं वर्तुळ) एक्सिटॉन पातळ्यांची (अनेक रेणूंवर मिळून पसरलेल्या उद्दीपनाच्या पातळ्या) वरची पट्टी ७८०च्या आसपास असते असं वाचलं. ही तीच का? शिवाय ८६०ला आलेखात छोटी पायरी दिसते, ती कशाची? पुढे ७७ केल्विनला मापन करायचंय.

लेझर_टेबल
पायरी यंत्राची असणार. बऱ्याच स्पेक्ट्रोफोटोमीटरांत डिटेक्टर तिथेच बदलतो, नेमका आपल्या शिखराच्या खांद्यावर. नमुन्याच्या जागी राखाडी फिल्टर ठेवून बघा. पायरी तशीच राहिली तर बदलाची जागा ९००कडे सरकवा आणि त्या टोकाला स्कॅन सावकाश चालवा.

उंचवटा मात्र एक्सिटॉनचा नाही. रोडोब्लास्टस ॲसिडोफिलस या जांभळ्या जीवाणूच्या बी८५० कड्यात १८ बॅक्टेरिओक्लोरोफिल (जीवाणूंचं हरितद्रव्य), शेजाऱ्यांमधलं अंतर सुमारे ९ अँगस्ट्रॉम आणि युग्मन साधारण ३०० प्रतिसेंटिमीटर. संक्रमण-द्विध्रुव कड्याच्या प्रतलात जवळपास शेपटीला डोकं असे लागलेले असतात, त्यामुळे शोषणाची जवळजवळ सगळी ताकद तळाजवळच्या दोन पातळ्यांकडे (के = ±१) जाते. वरच्या पट्टीला इतकं थोडं उरतं की साध्या शोषणात ती ८००च्या पायथ्याशी बुडून जाते. तुमच्याकडे ८००ने गमावलं ते ७७५ला आलं आणि ८५२ हललं नाही. कड्याचीच पट्टी असती तर बी८००च्या (८००ला शोषणाऱ्या रंगद्रव्याच्या) जाण्याने ती वाढली नसती. (तुमच्या जीवाणूचं कडं १८चंच असेल असं धरू नका, मोलिशियानम या दुसऱ्या जांभळ्या जीवाणूत ते १६चं आहे.)

खात्री प्रतिदीप्तीने होईल. १ सेंटिमीटर क्युवेटमध्ये ८५२चं शोषण ०.१च्या खाली येईल इतकं पातळ करा, नाहीतर नमुना स्वतःचाच प्रकाश पुन्हा गिळतो. ७७० ने उद्दीपित करून ७८५ ते ९५० मोजा. सुटं रंगद्रव्य ७९०–८००च्या सुमारास चमकेल. वरच्या एक्सिटॉन पातळीतली ऊर्जा पिकोसेकंदाच्या अंशातच खाली घसरते, तिथून प्रकाश येतो तो फक्त ८७०च्या आसपास. मग ९०० वर थांबून उद्दीपन वर्णपट घ्या आणि तो १ − पारगमन याच्याशी ताडून बघा, शोषणांकाशी नव्हे. ७७५ तिथे गायब असेल तर ते रंगद्रव्य कड्याला ऊर्जा देतच नाही. नेहमीचा फोटोमल्टिप्लायर ८५०च्या पुढे झपाट्याने आंधळा होतो, म्हणून दुरुस्ती-वक्र लावल्याशिवाय कुठलीही तुलना करू नका.

प्रथिन_खोली
मूळ दुखणं बफरमध्ये आहे. सोडियम फॉस्फेट गोठताना डायसोडियम क्षार आधी स्फटिक होऊन बाजूला पडतो आणि उरलेल्या द्रवाचा पीएच पाचच्याही खाली घसरू शकतो. बी८०० ही सगळ्यांत सैल धरलेली जागा; आम्ल आणि डिटर्जंट एकत्र आले की तीच आधी सुटते. त्यातच बर्फ बनताना एलडीएओही उरलेल्या द्रवात दाटतो.

पुढच्या खेपेला २० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.० घ्या, पण तो ज्या तापमानाला काम करणार तिथेच जुळवा. २५ अंशांवर ८.० केलेला ट्रिस ४ अंशांवर ८.६च्या घरात जातो. डीईएई स्तंभावर (विद्युतभारानुसार प्रथिनं वेगळी करणारा) ०.१ टक्का एलडीएओने धुवा आणि तिथेच ०.०२ टक्के डीडीएमवर (सौम्य डिटर्जंट) या. ८५० आणि २८०च्या शोषणांचं गुणोत्तर ३च्या वर गेलेलेच अंश ठेवा. ५० मायक्रोलिटरच्या कुप्या द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवून उणे ८०ला, अंधारात. ६८५च्या आसपास काही उगवलं तर ऑक्सिडीकरण झालं, ७६०ला उगवलं तर मॅग्नेशियम निघून बॅक्टेरिओफिओफायटिन झालं.

आताचा नमुना स्तंभातून काढलात तर ७७५ जाईल, पण रिकाम्या बी८०० जागा भरणार नाहीत. नव्यानेच करा.

आणखी एक, वाढवताना पांढरे एलईडी वापरत असाल तर बदला. त्यांत ७५०च्या पुढे जवळजवळ काहीच नसतं. तारेचे जुने बल्ब हवेत.

मिठागर_रायबंदर
देव बरें करूं! एलईडीच वापरतोय. ७७ केल्विनसाठी ग्लिसरॉल किती? सीडीही (वर्तुळाकार द्विवर्णता) तिथेच घ्यावी का?

लेझर_टेबल
आकारमानाने ६५ ते ७० टक्के. कमी पडलं तर गोठून काचेसारखा झालेला नमुना तडकतो आणि विखुरण्याने पायारेषा वर उचलली जाते. घुसळू नका, नळी हळूहळू उलटसुलट करा, बुडबुडे राहिले तर तडा तिथूनच सुरू होतो. कोरा नमुनाही त्याच ग्लिसरॉल-बफरचा, त्याच तापमानाला. बी८५० साधारण १० नॅनोमीटर लाल बाजूला सरकेल आणि अरुंद होईल. ८००चं शिखर दुभंगलं तर लगेच एक्सिटॉन म्हणू नका, दोन प्रकारचे एलएच२ मिसळलेले असू शकतात.

सीडी आधी खोलीच्या तापमानालाच. गोठलेल्या काचेतला ताण खोटा सिग्नल देतो. बी८५०चा धन-ऋण जोड दिसेल, त्याचं शून्य शोषण-शिखरापेक्षा थोडं लाल बाजूला. वरची पट्टी शोधायची तर ७८०कडे इथेच बघा, शोषणापेक्षा सीडीत ती जास्त उठून दिसते.

जून ते सप्टेंबरच्या आपल्या दमट हवेत क्रायोस्टॅटच्या (नमुना अतिथंड ठेवणारं पात्र) खिडक्यांवर दव बसतंच. कोरड्या नायट्रोजनचा झोत थंड करायच्या आधीच सुरू करा.