ओल्या वाळूवर डिटेक्टर सतत वाजतो: यंत्र बदलावे की पद्धत?

प्रश्न – खारी_झुळूक

माझ्याकडे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारा साधा व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीचा) मेटल डिटेक्टर आहे. कोरड्या वाळूवर तो समाधानकारक चालतो. नाणी आणि बाटल्यांची बुचे आवाजावरून बहुधा वेगळी ओळखता येतात. परंतु ओल्या पट्ट्यात पाऊल टाकताच, खाली काही नसतानाही, तो एकसारखा वाजू लागतो आणि कॉइलखालून (दांड्याच्या टोकाच्या शोधक चकतीखालून) लाट मागे फिरताना तर त्याचा गोंगाट आणखी वाढतो. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली की तो शांत होतो, मात्र मग अगदी वरवर पडलेल्या वस्तूच सापडतात.

दुसरी शंका डिस्क्रिमिनेशनविषयी, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज बंद करण्याच्या सोयीविषयी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पन्नीचे तुकडे आणि पेयांच्या डब्यांच्या कड्या सारख्या उकराव्या लागू नयेत, म्हणून मी हे दोन्ही विभाग बंद ठेवतो. नाणी मिळत राहतात, पण सोन्याची अंगठी अद्याप एकही मिळालेली नाही. पल्स इंडक्शन प्रकारचे यंत्र घेतल्यास या दोन्ही अडचणी सुटतील का?

उत्तर – ओहोटीचा_पट्टा

आपल्या यंत्रात दोष नाही. त्याला खारे पाणी खरोखरच धातूसारखे दिसते. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतील वाहक पदार्थात क्षणिक प्रवाह निर्माण होतात आणि त्या प्रवाहांचा प्रतिसाद टिपणे हेच डिटेक्टरचे काम आहे. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्याच्या शेकडो पट चांगले वाहक असते. ते वाळूच्या कणांमध्ये भरले की संपूर्ण पुळणच एका मोठ्या, पण दुबळ्या धातूच्या पत्र्यासारखी वागू लागते. लाट मागे सरकते तेव्हा कॉइलखालच्या पाण्याचे प्रमाण क्षणाक्षणाला बदलते, म्हणून त्या वेळी गोंगाट वाढतो.

यात आणखी एक गुंता काळ्या वाळूचा असतो. तिच्यातील मॅग्नेटाइट या लोहयुक्त चुंबकीय खनिजाचा प्रतिसाद एका प्रकारचा आणि क्षाराचा प्रतिसाद दुसऱ्या प्रकारचा असल्यामुळे, एकाच फ्रिक्वेन्सीच्या यंत्राला ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद पुसण्याची जुळणी) करताना त्यांपैकी एकच एका वेळी पुसता येतो. अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी वापरणारी यंत्रे त्या प्रतिसादांची परस्परांशी तुलना करून दोन्ही बऱ्याच अंशी वजा करतात, आणि त्यांचा किनाऱ्यावरचा खरा फायदा तोच आहे.

नवे यंत्र घेण्यापूर्वी आहे त्याच यंत्रावर काही गोष्टी करून पाहाव्यात. ग्राउंड बॅलन्स कोरड्या वाळूवर न करता, ज्या पट्ट्यात शोध घ्यायचा आहे तिथेच, खाली धातू नसलेली जागा पाहून करावा. यंत्रात फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय असेल तर खालची निवडावी, कारण क्षाराचा त्रास फ्रिक्वेन्सीबरोबर वाढतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कॉइल वाळूला समांतर आणि सारख्याच उंचीवर ठेवून सावकाश फिरवावी. फेरीच्या टोकाला ती नकळत वर उचलली जाते आणि नेमका तिथेच खोटा आवाज येतो. तो दुसऱ्या दिशेने फिरताना त्याच जागी पुन्हा आला नाही, तर खणू नये. सेन्सिटिव्हिटी कमी करणे हा अगदी शेवटचा उपाय ठेवावा.

उत्तर – चाळणीवाला

वरील विवेचन योग्यच आहे, परंतु त्यात एक मर्यादा सांगायची राहिली. यंत्र क्षारासाठी संतुलित केले की क्षारासारखाच दुबळा प्रतिसाद देणाऱ्या वस्तूही त्याबरोबर पुसल्या जातात, आणि त्यांत पातळ सोन्याचे दागिने पहिल्या क्रमांकावर असतात. विशेषतः साखळी फसवी असते. तिची प्रत्येक कडी यंत्राला सुटी, लहानशी वस्तू म्हणून दिसते, त्यामुळे वजनदार साखळीही कधी कधी अगदी क्षीण वाजते आणि बहुतेक वेळा सापडतो तो तिचा जाड फासा किंवा लॉकेट.

अंगठी न मिळण्याचे कारण मात्र मला आपल्या डिस्क्रिमिनेशनमध्ये स्पष्ट दिसते. यंत्राला सोने ओळखता येत नाही. त्याला वस्तूची वाहकता आणि तिचा आकार यांचा एकत्रित परिणाम तेवढा कळतो. 14 कॅरेटमध्ये सोने 58.5 टक्केच असते, बाकी मिश्रधातू असतो, आणि त्यामुळे वाहकता शुद्ध सोन्यापेक्षा बरीच घटते. परिणामी यंत्राच्या पडद्यावर नाजूक अंगठी पन्नीच्या आकड्यांत आणि मध्यम अंगठी डब्याच्या कडीच्या आकड्यांत येते. हे दोन विभाग बंद ठेवणे म्हणजे चांदी आणि मोठी नाणी ठेवून सोने नाकारणे होय. शुद्ध लोखंडाचा विभाग बंद ठेवण्यास हरकत नाही. त्याच्या वरचे सगळे खणावे, असे माझे ठाम मत आहे.

पल्स इंडक्शनविषयी घाई करू नये. हे यंत्र सतत लहरी न पाठवता ठोके देते आणि प्रत्येक ठोक्यानंतर काही मायक्रोसेकंद थांबून मग ऐकते. खाऱ्या पाण्यातील प्रवाह फार लवकर विरतात, त्यामुळे सुमारे 10 मायक्रोसेकंदांच्या विलंबानंतर क्षार जवळजवळ ऐकूच येत नाही. काळ्या वाळूवरही हे यंत्र स्थिर राहते आणि खोलवर पोहोचते. पण विलंब वाढवला तर पातळ सोन्याचे प्रवाहही तोवर विरलेले असतात. शिवाय या प्रकारच्या बहुतेक यंत्रांत धातू वेगळे करण्याची सोय नावापुरतीच असते, म्हणून प्रत्येक खिळा आणि केसांची प्रत्येक पिन उकरावी लागते. जिथे लोखंडी कचरा फार, तिथे अनेक फ्रिक्वेन्सींचे यंत्रच सोयीचे ठरते.

उत्तर – उधाण_भांग

यंत्रांची चर्चा इथे नेहमीच लांबते (मलाही ती आवडते), पण किनारा वाचता आला नाही तर कोणतेही यंत्र उपयोगी पडत नाही. कोरड्या वाळूत वस्तू लोक बसतात तिथे पडते आणि फारशी हलत नाही. ओल्या पट्ट्यात ती कुठे असेल हे लाटा ठरवतात. क्वार्ट्झच्या वाळूची घनता सुमारे 2.65, शिशाची 11.3 आणि शुद्ध सोन्याची 19.3 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. त्यामुळे लाटांनी वाळू ढवळली की अंगठी खाली खाली उतरते आणि गोटे, शिंपल्यांचा थर किंवा चिकणमाती असा घट्ट थर लागेपर्यंत थांबत नाही. शांत हवामानात लाटा त्यावर वाळू चढवत राहतात आणि तो थर कॉइलच्या आवाक्याबाहेर जातो. नाण्याएवढ्या वस्तूसाठी हा आवाका साधारणपणे कॉइलच्या व्यासाएवढाच धरावा.

म्हणून खरी संधी वादळानंतर येते. उंच, लागोपाठच्या लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात, पुळणीवर उभा कडा तुटलेला दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी जुना घट्ट थर उघडा पडतो. अशा जागी आडवेतिडवे भटकू नये. मासेमारीची शिशाची वजने आणि काळवंडलेली नाणी एकापाठोपाठ मिळू लागली की तिथेच थांबून, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी येईल अशा बेताने, सगळा पट्टा पिंजून काढावा, कारण लाटांनी जड वस्तू तिथे गोळा केलेल्या असतात. याउलट नुसत्या पन्न्या आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे मिळत असतील तर पुढे जावे. अ‍ॅल्युमिनियमची घनता वाळूएवढीच असल्याने ते साठते तिथे सोने साठत नाही.

वेळेचा हिशेब सोपा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणामुळे पाणी सर्वांत दूर हटते, अष्टमीच्या भांगाला तेवढे हटत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. पाणी पूर्ण ओसरण्याच्या दोन तास आधी सुरुवात करून उतरत्या पाण्यामागोमाग खाली जावे आणि पाणी वळताच परतावे. लोक जिथे कमरेएवढ्या पाण्यात खेळतात, तो भाग ओहोटीला उघडा पडत असेल तर तो आधी घ्यावा. थंड पाण्यात बोटे आक्रसतात, त्यात सनस्क्रीनचा ओशटपणा असतो आणि अंगठी तिथेच निसटते.

खारी_झुळूक

सर्वांचे आभार. सध्या यंत्र बदलत नाही. लोखंड सोडून बाकी सर्व विभाग उघडून पुढच्या उधाणाला सुरुवात करतो. एकच विचारायचे राहिले: पाण्याच्या काठाशी खड्डा खणता खणता बुजतो आणि वस्तू हरवते, त्याला काय करावे?

उत्तर – चाळणीवाला

साधे फावडे तिथे चालत नाही. लांब दांड्याचा, भोके पाडलेला स्टेनलेस स्टीलचा स्कूप घ्यावा. आवाजाच्या केंद्राच्या थोडे मागे पाय रोवून स्कूप तिरका खोल घालावा, वाळू बाजूला ओतावी आणि आधी खड्ड्यावर व नंतर ढिगाऱ्यावर कॉइल फिरवावी. आवाज ढिगाऱ्यात गेला की लाटेच्या पाण्यात चाळून घ्यावा. धातूचा कोणताही स्कूप कॉइलजवळ स्वतःच वाजतो, म्हणून कॉइल फिरवताना तो दूर ठेवावा. खड्डे बुजवावेत, कासवांच्या घरट्यांसाठी राखलेल्या जागी खणू नये, आणि आत नाव किंवा तारीख कोरलेली अंगठी मिळाल्यास मालकाचा शोध घ्यावा. पुष्कळ ठिकाणी कायद्याने तसे बंधनच असते. किनाऱ्यावर डिटेक्टर वापरण्यास परवानगी लागते का, हेही आधी विचारून घ्यावे. घरी आल्यावर कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने धुवावा, मात्र नियंत्रणपेटी जलरोधक नसेल तर ती ओल्या फडक्याने नुसती पुसावी.