गडद म्हणजे महाग असं नसतं

वर कुणीतरी लिहिलंय की नीलम जितका गडद तितका भारी, ते मला अजिबात पटत नाही. फार गडद खडा घरातल्या उजेडात काळाच दिसतो आणि त्याचा भाव उतरतो, खरी किंमत असते ती मध्यम ते जरा गडद अशा जिवंत निळ्याला. काश्मिरी नीलमचं एवढं नाव का, तर त्यात अतिसूक्ष्म कण असतात, प्रकाश त्यांच्यावर विखुरतो आणि रंग मखमली, किंचित झोपाळू, म्हणजे जरासा धूसर दिसतो, काय सुंदर दिसतं ते! या नीलमची जम्मू-काश्मीरमधल्या पाडरची खाण १८८१ च्या सुमारास दरड कोसळल्यावर सापडली आणि थोड्याच वर्षांत चांगला माल संपला, म्हणून आज असे खडे इतके दुर्मिळ.

बाकी बाजारातले बहुतेक नीलम तापवून रंग सुधारलेले असतात, त्यात गैर काही नाही पण दुकानदाराने ते सांगायलाच हवं. भेगांत काच भरलेला नीलम मात्र घेऊ नका, सोनाराच्या आम्लानेही तो खराब होतो. आणि खडा नैसर्गिक आहे की नाही हे कडकपणा तपासून कळत नाही हो, कारण कारखान्यात बनवलेला नीलमसुद्धा कुरुंदच (नैसर्गिक नीलम ज्या खनिजाचा असतो तेच), मोहस् मापावर (१ ते १०) कडकपणा तोच ९, त्यामुळे मोठी रक्कम घालायची असेल तर आधी चांगल्या लॅबचा रिपोर्ट मागा.