मदत हवी आहे: जुन्या फ्लॅटचं वायरिंग बदलायचंय, झिरी मारू की पट्टी लावू? आणि हे रेट बरोबर आहेत का?

नमस्कार मंडळी,

आई-बाबांचा डोंबिवलीत वन बीएचके आहे, बिल्डिंग 1986 सालची, तिसरा मजला. वायरिंग बिल्डरने दिलं तेच, अ‍ॅल्युमिनियमचं. गेल्या महिन्यात किचनचा बोर्ड गरम लागतोय म्हणून उघडायला लावला. आत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेला कोणीतरी तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली, वर कापडी टेप, आणि तो टेप भाजून तपकिरी झालेला. वायर जरा वाकवली तर वरचं प्लास्टिक कुरकुरीत होऊन गळून पडलं. मेनच्या किटकॅट फ्यूजमध्ये तर तारेचे इतके पेड घातलेत की घर पेटलं तरी फ्यूज काही उडायचा नाही.

म्हणून सगळंच बदलायचं ठरवलंय. साधारण 30 पॉइंट लाइट, पंखे आणि साध्या प्लगचे, आणि 6 पॉवर पॉइंट (एसी, गिझर, फ्रिज, वॉशिंग मशीन, ओव्हन, इंडक्शन). तीन जणांनी तीन तऱ्हेचे रेट दिलेत:

पहिला: पूर्ण कन्सील्ड (झिरी मारून, म्हणजे भिंतीत खाच पाडून वायर आत), मालासकट. साधा पॉइंट 1,100, पॉवर पॉइंट 2,200, डीबी (घराचा मुख्य वितरण बोर्ड) 9,000. एकूण 55,200. प्लॅस्टर-रंग आपला.

दुसरा: पीव्हीसी केसिंग-पट्टी, मालासकट. 750 आणि 1,600, डीबी तेवढ्यालाच. एकूण 41,100. भिंत फोडायची नाही.

तिसरा: नुसती मजुरी. 300 आणि 500, डीबी बसवायचे 1,500. एकूण 13,500. माल आम्ही आणायचा. शिवाय याचं म्हणणं, "लाइटच्या लायनी राहू द्या हो, अ‍ॅल्युमिनियम चालतंय, फक्त पॉवरच्या बदलू."

आई-बाबा घरातच राहणार आहेत. बाबांना धुळीचा त्रास आहे. आईला पट्टी अजिबात नको, "भाड्याच्या खोलीसारखं दिसतं" म्हणते. जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रतिसाद: जुनाफ्यूज

तिसऱ्याचं लाइटच्या लायनीबद्दलचं अजिबात ऐकू नका. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरतो, त्यात तांब्याशी पिळून जोड दिला की तिथेच गरम होतं. तुम्ही बोर्डात पाहिलंत ते हेच. आणि प्लास्टिक गळतंय म्हणजे लाइटच्या वायरीही तेवढ्याच म्हाताऱ्या आहेत.

आता रेटचं. हे तीन आकडे शेजारी ठेवून काही कळणार नाही, कारण 'पॉइंट' म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं. बहुतेक जण पॉइंट धरतात तो स्विचबोर्डापासून दिव्यापर्यंत. डीबीपासून बोर्डापर्यंतची लाइन म्हणजे सर्किट मेन, ती लांबीवर, दर मीटरला वेगळी लावतात. सुरुवातीला कोणी बोलत नाही, शेवटच्या बिलात उगवते. तिघांनाही विचारा: सर्किट मेन धरलंय का? मॉड्युलर स्विच आणि प्लेट धरलीय का? कोणत्या कंपनीची? वायर किती एमएमची (म्हणजे चौरस मिलिमीटरची)? उत्तरं कागदावर घ्या.

माझ्या मते मागणी अशी ठेवा: लाइट-पंख्याला दीड, प्लगच्या लायनीला अडीच, एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र चार, मेनला सहा. सगळं तांबं, एफआर (आग पसरू न देणारं आवरण) किंवा एफआरएलएस (त्यात धूरही कमी), वायरवर आयएसआय मार्क आणि आयएस 694 छापलेलं. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक प्लगपर्यंत गेली पाहिजे. त्या काळातल्या बऱ्याच घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं.

एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) वायर बघून बसवतात, यंत्र बघून नाही. दीडच्या लायनीवर 10 अँपियर, अडीचवर 16, चारवर 20. वारंवार पडतो म्हणून 32 चा टाकून देणारे महाभाग असतात, त्यांच्यापासून सावध. आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी) घ्याच. एमसीबी वायर वाचवतो, माणूस आरसीसीबी वाचवते. गिझर आहे म्हटल्यावर यात काटकसर नको.

---

प्रतिसाद: कल्याणकरीण

आम्ही सासूबाईंच्या घरी अर्धं-अर्धं केलं. आधी जुन्या पाइपात स्प्रिंग (वायर ओढायची लवचिक तार) घालून बघायला सांगा. स्लॅबमधले पाइप चांगले निघाले तर छताचे पॉइंट न फोडता होतात. आमच्याकडे हॉलचे निघाले, बेडरूमचे लोखंडी पाइप आतून गंजलेले, वायर हलेचना. तिथे बीमच्या खालून पट्टी नेली आणि भिंतीच्याच रंगात रंगवली. झिरी फक्त किचनमध्ये आणि एसीच्या पॉइंटला मारली.

झिरी मारताना दोन गोष्टी बघा. कॉलम आणि बीमला हात लावू द्यायचा नाही, सोसायटीला आधी पत्र द्या. आणि आतल्या भिंती चार इंची असतात, त्यांत आडवी लांब झिरी नको, उभीच मारायची. धुळीसाठी कटरला व्हॅक्यूम जोडणारे मिळतात, पैसे थोडे जास्त घेतात. बाबांसाठी द्या.

एकेक खोली घ्या, आणि फ्रिजची लाइन शेवटपर्यंत चालू ठेवायला सांगा.

---

प्रतिसाद: मीटररूम

एक गोष्ट कोणीच बोललं नाही. खालच्या मीटरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंतची केबल! ती पण 1986 चीच असणार. घरात सगळं नवं करून वर येणारी लाइन जुनी ठेवली तर एसी आणि गिझर एकदम लागले की जिन्यातली वायर तापणार. ही सबमेन कोटेशनमध्ये लांबीच्या हिशोबाने वेगळी मागा. अर्थिंग खाली मीटररूममध्ये मुळात आहे का, तेही बघायला लावा, नाहीतर घरातली हिरवी वायर कशालाच जोडलेली नाही.

महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' बघा. किती आहे?

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्याला फोन केला. सर्किट मेन धरलेलं नव्हतं, लांबीच्या दर मीटरला 110 सांगतोय. दुसऱ्याने धरलंय, पण प्लगलासुद्धा दीडचीच वायर. म्हणजे 55 आणि 41 मधला फरक वाटत होता तसा नाहीच.

बिलावर मंजूर भार 1 किलोवॅट आहे. वाढवून घ्यावा लागणार का?

आणि घरात इन्व्हर्टर आहे. पहिला म्हणतो आरसीसीबी लावली तर इन्व्हर्टरमुळे सारखी पडेल, म्हणून नकोच. खरं आहे का?

---

प्रतिसाद: जुनाफ्यूज

पडते, पण दोष आरसीसीबीचा नसतो. इन्व्हर्टरच्या लायनीचा न्यूट्रल आणि बाकी घराचा न्यूट्रल बोर्डात एकत्र बांधून टाकतात. मग गेलेला करंट त्याच वाटेने परत येत नाही, आरसीसीबीला वाटतं गळती आहे, आणि ती पडते. इन्व्हर्टरच्या लायनीला सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतंत्र न्यूट्रल ओढायला सांगा. आत्ता सगळं नवं ओढताय तर फुकटात होतंय, नंतर करायला गेलात तर बोर्ड न् बोर्ड उघडावा लागेल. जो हे ऐकून कां कूं करेल त्याला काम देऊ नका.

भार वाढवावा लागेलच. एकटा दोन किलोवॅटचा गिझरच त्याच्या दुप्पट आहे. अर्जाबरोबर लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तेव्हा लायसन्स आहे का ते आधी विचारा, आणि रिपोर्ट देण्याआधी मेगर (वायरच्या आवरणातून गळती आहे का ते मोजायचं यंत्र) लावून रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला सांगा.

---

धागाकर्ता:

लायसन्स पहिल्याकडे आहे, दुसऱ्याकडे नाही. पहिल्याला कल्याणकरीण म्हणतात तसं अर्धं-अर्धं धरून नवं कोटेशन मागितलंय, सबमेन आणि वेगळ्या न्यूट्रलसकट. शनिवारी येऊन स्प्रिंग घालून बघतो म्हणालाय. आईला बीमखालच्या पट्टीपुरतं तयार केलंय, हॉलमध्ये मात्र नाही म्हणजे नाही.