मदत हवी आहे: लहान मुलाला भूल मास्कने द्यावी की शिरेतून?

नमस्कार मंडळी, मुलगा 4 वर्षांचा, टॉन्सिल्स-अ‍ॅडेनॉइडचं (नाकामागची गाठ) ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलंय, आम्ही कोथरूडला असतो. सर्जनबद्दल शंका नाही, टेन्शन भुलीचं आहे. भूलतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या मास्कमधून सेव्होफ्लुरेन हा भुलीचा गॅस देऊ, झोपला की मग सुई लावू, त्याला कळणारही नाही. ऐकून हायसं वाटलं, कारण हा सुई दिसली की अख्खी सोसायटी गोळा करतो. पण सिंहगड रोडला नणंद राहते, तिची मुलगी अशाच गॅसनंतर शुद्धीवर येताना इतकी किंचाळली, हातपाय झाडले, आईलाही ओळखेना. नणंद म्हणते शिरेतूनच प्रोपोफोल हे भुलीचं औषध द्या म्हणून सांग. आता असं सांगितलेलं डॉक्टरांना चालतं का? आणि खरंच फरक पडतो का? वैद्यकीय क्षेत्रातल्या कोणी सांगाल का प्लीज.

प्रतिसाद:
मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे थोडं लांबेल. नणंदबाईंनी पाहिलं ते खरंय, सेव्होफ्लुरेननंतर असा गोंधळ शाळेआधीच्या वयात जास्त दिसतो, बहुतेक वेळा आपोआप शांत होतो पण आईबापांचा जीव जातो. प्रोपोफोलवर ठेवलं तर हे कमी होतं, उलट्याही कमी, आणि टॉन्सिल्सला ते महत्त्वाचं. पण मग जाग्या पोराला सुई टोचायची, वर प्रोपोफोल शिरेत जाताना झोंबतं. हाताला बधिर करायचं क्रीम मिळतं, तासभर आधी लावायचं. एक किंवा दुसरं असंच नसतं हो, गॅसने झोपवून पुढे प्रोपोफोल चालवतात किंवा शेवटी थोडं देतात, हे जरूर विचारा, कोणी रागावत नाही. घरात कुणाला भुलीत अचानक खूप ताप चढून जिवावर बेतलं असेल तर मात्र ते आधी सांगा, अशा वेळी हा गॅस टाळतात.

धागाकर्ती:
खूप आभार! तसं घरात कुणाला झालेलं नाही. पण कालपासून नाक वाहतंय त्याचं, ताप नाही. चालेल ना?

प्रतिसाद:
अ‍ॅडेनॉइडवाल्या मुलांचं नाक तसंही वाहतच असतं, पण सर्दी नवी असेल तर भुलीत श्वासनलिकेचं तोंड आवळायचा धोका वाढतो, गॅसवर जरा जास्तच. ताप किंवा छातीत घरघर असेल तर बहुतेक पुढे ढकलतील. आजच फोन करा मॅडमना, ऑपरेशनच्या सकाळी नको. आणि उपाशी ठेवायच्या वेळा लिहून घ्या, पाण्याची सूट दुधाला नसते, आजीला आधीच सांगून ठेवा.