मदत हवी आहे: एमजीबीचा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर येतो ती जागा) नक्की कुठे? टॅपेट सेट केले आणि आवाज दुप्पट झाला

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लावतोय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणी मदत करू शकणार नाही.

गाडी १९६७ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. मामांची होती. ते गेल्यावर मामी म्हणाल्या, "भंगारवाला न्यायच्या आत तू घेऊन जा." दोन वर्षं सहकारनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. रविवारी सकाळी तळजाई, फार तर खेड शिवापूर, एवढाच तिचा व्याप. छान चालत होती, फक्त टॅपेट (व्हॉल्व्हवरचा गॅप वाढला की टिकटिकतात ते) थोडे वाजायचे. ज्या मिस्त्रींनी जन्मभर फियाट केल्या ते आता गावी असतात, आणि नव्या गॅरेजमधली पोरं "साहेब, याला स्कॅनर कुठे लावायचा?" विचारतात. म्हणून हात स्वतःच काळे केले.

असं केलं: इंजिन थंड. चारही प्लग काढले, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मुलाला मागून हळूहळू ढकलायला लावली. पुलीवरची खाच आणि टायमिंग कव्हरचे दाते या गाडीत खालच्या बाजूला आहेत, त्यामुळे मी पुढून पाठीवर झोपून टॉर्च मारतोय आणि "थांब, थांब, अरे थांब!" ओरडतोय. (दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन पाहून गेल्या.) खाच शून्याच्या दात्यासमोर आली. म्हणजे एक नंबरचा पिस्टन टीडीसीला, बरोबर ना?

वर येऊन एक नंबर सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह पाहिले तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हमध्ये गॅपच नाही! पंधरा थाऊची (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) मापाची पट्टी सोडा, पाचची पण आत जाईना. वाटलं, आवाज दाबायला कोणीतरी टाईट करून ठेवलेत. स्क्रू ढिले करून पंधरा थाऊ सेट केले. मग अर्धा-अर्धा फेरा फिरवत १-३-४-२ या क्रमाने उरलेले तीन सिलिंडर. सगळीकडे तेच, सगळे टाईट. डेल्कोचं (प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण काढलं तर आत फिरणाऱ्या रोटरचं तोंड चार नंबरच्या वायरीकडे. म्हटलं डेल्को उलटा बसवलाय कोणीतरी, आणि पुढे गेलो.

आता गाडी स्टार्ट होते, पण बॉनेटखाली टाईपरायटिंग इन्स्टिट्यूट उघडल्यासारखा आवाज, आणि जोर अजिबात नाही. पुलीची खाच सरकली असेल का? खरा टीडीसी कसा शोधू? की टायमिंग चेनच दात सोडून बसली आहे? जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

गुळगुळीत टायर:
प्लगच्या भोकात लांब स्क्रू ड्रायव्हर सोडा, वर येऊन थांबला की टीडीसी. आम्ही पद्मिनीला असंच करायचो.

चोक ओढा:
@गुळगुळीत टायर, या इंजिनात नको. प्लगचं भोक तिरकं आहे. पिस्टन वर येताना स्क्रू ड्रायव्हर आडवा अडकला तर आटे जातील नाहीतर पिस्टनला चरा पडेल.

धागाकर्ते, चेन ठीक असणार आणि तुमची खाचही बहुतेक ठीक आहे. चूक वेगळी आहे. क्रँकचे (पिस्टन वरखाली करणाऱ्या दांड्याचे) दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो, म्हणजे एक नंबरचा पिस्टन दर सायकलला दोनदा वर येतो: एकदा कंप्रेशनला, एकदा एक्झॉस्ट संपताना. पुलीची खाच दोन्ही वेळा शून्यावरच दिसते, तिला फरक कळत नाही. रोटरला कळतो. तुमची गाडी आदल्या रविवारी तळजाईला गेली होती ना? मग डेल्को उलटा कसा असेल? रोटर चारकडे होता म्हणजे कंप्रेशनवर चार नंबर होता, आणि एक नंबर एक्झॉस्टच्या शेवटाला.

तिथे काय असतं पाहा. या कॅमचा इनटेक टीडीसीच्या १६ अंश आधी उघडायला लागतो आणि एक्झॉस्ट २१ अंश नंतर मिटतो. म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे. गॅप शून्य दिसणारच! ते टाईट नव्हते, कॅम त्यांना दाबत होता. तुम्ही त्या दाबलेल्या अवस्थेत पंधरा थाऊ दिलेत, आठही व्हॉल्व्हना. कॅम खाली गेल्यावर खरा गॅप किती होत असेल? जोर नाही तो त्यामुळेच, व्हॉल्व्ह पुरते उघडतच नाहीत. आता तशी चालवू नका, रॉकर हातोडीसारखे आपटतात.

टॅपेटसाठी टीडीसी विसरा आणि नऊचा हिशोब धरा. पुढून व्हॉल्व्ह मोजा, १ ते ८. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करा, सहावा दाबलेला तेव्हा तिसरा, चौथ्याला पाचवा, दुसऱ्याला सातवा. पुढे तेच उलट. बेरीज नेहमी नऊ. जोडीदार पूर्ण उघडा असताना हा कॅमच्या गोल पाठीवर निवांत बसलेला असतो, चार-पाच अंश इकडेतिकडे झाले तरी गॅप बदलत नाही. पार्किंगमध्ये झोपायलाही नको.

इग्निशन टायमिंगला मात्र नेमका टीडीसी लागतो, आणि तो डोळ्याने सापडत नाही. पाच अंश अलीकडे-पलीकडे असताना पिस्टन जेमतेम ०.२ मिमी खाली असतो. म्हणून जुन्या प्लगमधली चिनी माती फोडून काढायची, आत बोल्ट बसवून टोक गोल करून घ्यायचं. कोणताही लेथवाला करून देईल. तो एक नंबरला लावा, इंजिन हाताने, अगदी हळू फिरवा. पिस्टन टेकला की पुलीवर खूण. उलट फिरवा, टेकला की दुसरी खूण. दोन खुणांचा मध्य म्हणजे टीडीसी. पुलीत मध्ये रबर असेल तर जुन्या रबरावरून बाहेरची रिंग सरकते, म्हणून एकदा तपासलेलं बरं. स्टार्टर चुकूनही मारू नका, बॅटरीची वायरच काढून ठेवा.

धागाकर्ता:
चोक ओढा, तुम्हाला एक मिसळ लागू! आज सकाळी नऊच्या हिशोबाने बसलो. पहिल्याच व्हॉल्व्हला पट्ट्या एकावर एक लावून मोजलं तर पस्तीस थाऊच्या वर. आठही पंधरावर आणले, गाडी पहिल्यासारखी झाली. मुलगा म्हणतोय, "बाबा, रोटरचं ऐकायचं होतं." पुलीची खाचही तपासली, दोन खुणांच्या बरोब्बर मध्ये आली.

पण पाच नंबरचा अजून टिकटिकतोय. गॅप तीनदा पाहिला, पंधराच.

चोक ओढा:
रॉकरच्या टोकाला, जिथे तो व्हॉल्व्हवर बसतो तिथे, नख फिरवून पाहा. खड्डा लागतोय का? पट्टी खड्ड्यावरून पुलासारखी जाते, खालची पोकळी मोजतच नाही.

धागाकर्ता:
लागतोय. चांगलाच. आता नाना पेठेत असे रॉकर घासून देणारं कोणी आहे का, की शाफ्टसकट नवा सेटच मागवू?